तिकीट काढण्याआधी: ग्रीन कार्ड, लग्नाचा जोडीदार आणि तारखांचं गणित

न्यू जर्सीत आमच्या घरी गणपतीची आरती संपली की प्रसादाच्या द्रोणाबरोबर एक वाक्य हमखास येतं. "दादा, एक विचारायचं होतं..." पुढचं मला पाठ झालंय. मुलाचं लग्न ठरलंय, मुलगी ठाण्याची आहे, तिला इकडे कधी आणता येईल? आई-बाबांचं ग्रीन कार्ड आलं, पण बाबांना नाशिक सोडवत नाही, तिकडे किती दिवस राहिलेलं चालतं? अर्ज भरलाय आणि आजी अंथरुणाला खिळलीय, पटकन जाऊन येऊ का?

मी वकील नाही. स्वतःचे, बायकोचे आणि सासू-सासऱ्यांचे फॉर्म भरता भरता जे कळलं, तेवढंच सांगतो. त्यातही सांगण्यासारखं मुख्य एकच आहे. माणसं अडकतात ती कागद चुकला म्हणून कमी, क्रम चुकला म्हणून जास्त. लग्न आधी की कार्ड आधी, परवाना आधी की विमान आधी, परत आलो तो दिवस कितवा. म्हणून आजच एक साधी दोनशे पानी वही घ्या आणि तिच्यात फक्त तारखा लिहा. फी आणि फॉर्मच्या आवृत्त्या सारख्या बदलतात, त्यामुळे आकडे इथे देत नाही. अर्ज भरायच्या दिवशी यूएससीआयएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर जी आवृत्ती असेल तीच घ्यायची. मित्राने दोन वर्षांपूर्वी पाठवलेली पीडीएफ वापरायची नाही.

लग्न आधी की कार्ड आधी

पहिला प्रश्न: इकडचा जोडीदार नक्की कोण आहे? अमेरिकन नागरिक की ग्रीन कार्डधारक?

नागरिक असेल तर मार्ग सरळ आहे. तो आय-१३० हा अर्ज भरतो. नागरिकाच्या नवऱ्याला किंवा बायकोला वर्षाचा कोटा लागत नाही, कामाला जेवढा वेळ लागेल तेवढाच लागतो. तरीही सत्यनारायण अमुक महिन्यात एडिसनला घालू, असा हॉल आधी बुक करून बसू नका.

ग्रीन कार्डधारक असेल तर अर्ज तोच, पण रांग लागते. तिचं नाव एफ-टू-ए. आय-१३० यूएससीआयएसकडे पोचला ती तुमची 'प्रायॉरिटी डेट'. अमेरिकेचं परराष्ट्र खातं दर महिन्याला 'व्हिसा बुलेटिन' काढतं आणि त्यातली तारीख तुमच्या तारखेपुढे सरकली की तुमचा नंबर आला. मधल्या काळात कार्डधारक नागरिक झाला तर त्याच अर्जावर जोडीदार रांगेतून बाहेर निघतो, फक्त तसं लगेच कळवावं लागतं. इथे एक खाच आहे. एफ-टू-एमध्ये मुलं आईच्या किंवा वडिलांच्या अर्जात येतात. नागरिकाच्या अर्जात ती येत नाहीत, प्रत्येक मुलासाठी वेगळा आय-१३० भरावा लागतो. हे माहीत नसल्याने मुलाखतीच्या वेळी पोराचा कागदच नाही, असं होतं.

आता तिसरा प्रकार. आपल्याकडच्या आयटीवाल्या पोरांना याचीच गरज असते आणि नेमकं हेच त्यांना कुणी सांगत नाही. नोकरीतून ग्रीन कार्डची रांग भारतात जन्मलेल्यांसाठी दशकाहून लांब आहे. त्या रांगेत उभं असताना, कार्ड मंजूर होण्याआधी तुमचं लग्न झालं असेल तर बायको तुमच्याच अर्जाची धनी होते. तुमचीच प्रायॉरिटी डेट तिला लागते. ती भारतात असली तरी नंतर 'फॉलो टू जॉइन'ने येऊ शकते, त्यासाठी आय-८२४ भरतात. लग्न कार्ड मंजूर झाल्यावर, अगदी दुसऱ्या दिवशी झालं, तर ती सोय संपली. मग नवा आय-१३०, एफ-टू-ए आणि वाट पाहणं.

आमच्या ओळखीतल्या एका मुलाचा साखरपुडा गौरीपूजनाच्या आसपास झाला होता. लग्न मार्गशीर्षात कोल्हापूरला, कारण हॉल तेव्हाच मिळत होता. कार्ड मंजूर झालं दिवाळीत. घरच्यांनी पेढे वाटले. मला फोन आला तेव्हा पेढे वाटून झाले होते, म्हणून मी गप्प बसलो. ती मुलगी अजून रांगेत आहे. तुमची तारीख जवळ आली असेल आणि लग्न पक्कं असेल, तर नोंदणी आधी करा. अक्षता, पंगत, वरात सगळं मागाहून थाटात करता येतं.

नोंदणीचाही हिशोब आधीच मांडायला हवा. विशेष विवाह कायदा, १९५४ खाली लग्न करायचं तर दोघांपैकी एकाने त्या जिल्ह्यात नोटिशीआधी किमान ३० दिवस राहिलेलं असावं लागतं. नोटीस लागली की पुढे हरकतींसाठी आणखी ३० दिवस. मुलगी त्याच जिल्ह्यातली असेल तर तिच्या वास्तव्यावर नोटीस देता येते, पण ती तीस दिवसांची मुदत कुणाला चुकत नाही. दोन आठवड्यांच्या रजेत हे बसत नाही. दोघेही हिंदू असतील तर विधीवत लग्न करून वॉर्ड ऑफिसात किंवा ग्रामपंचायतीत नोंद करणं त्या मानाने झटपट होतं. गोव्यात पद्धत निराळी आहे. तिथे मुलकी नोंदणी हाच लग्नाचा कायदेशीर भाग, आणि निबंधकासमोर दोन टप्प्यांत सह्या होतात.

के-१ हा वाग्दत्त व्हिसा फक्त नागरिकालाच आपल्या वधूसाठी किंवा वरासाठी मागता येतो. अमेरिकेत उतरल्यावर ९० दिवसांत लग्न करावं लागतं.

एक पळवाट मात्र सुचवू नका आणि ऐकूही नका: "तिला टुरिस्ट व्हिसावर आण, इथेच लग्न लाव, इथेच अर्ज टाक." मनात हा बेत ठेवून विमानतळावर 'फिरायला आले' म्हणणं म्हणजे खोटी माहिती देणं. आल्यापासून ९० दिवसांत असं पाऊल उचललं तर हेतू आधीपासूनच तसा होता असं परराष्ट्र खातं धरून चालू शकतं. तो डाग पुढे सहजासहजी पुसता येत नाही.

ताटातलं नाव आणि पासपोर्टातलं नाव

इथे जरा जास्त वेळ घेतो, कारण मराठी घरांची ही खास दुखणी आहेत.

आपल्याकडे लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहितात. वसुधाची मृणाल होते. सासरी सगळे मृणाल म्हणतात, पत्रिकेत कंसात मृणाल, आणि एखादा उत्साही मामा विवाह नोंदणीच्या अर्जावरही मृणालच लिहून येतो. पासपोर्टवर मात्र वसुधा आणि मधलं नाव वडिलांचं. अमेरिकन अधिकाऱ्याच्या दृष्टीने या दोन वेगळ्या बायका. मग राजपत्र आणा, प्रतिज्ञापत्र आणा, दोन महिने गेले. सोपा उपाय असा: घरात काहीही हाक मारा, कागदावर लग्नाआधीच्या पासपोर्टातलं नाव जसंच्या तसं ठेवा. विवाह प्रमाणपत्र, आय-१३०, डीएस-२६० हा व्हिसाचा अर्ज, विमानाचं तिकीट सगळीकडे तेच. नाव बदलायचंच असेल तर कार्ड हातात आल्यावर निवांत बदला.

दुसरी गोष्ट पासपोर्टातल्या आडनावाच्या रकान्याची. काहींच्या पासपोर्टात नाव, वडिलांचं नाव, आडनाव सगळं एकाच रकान्यात कोंबलेलं असतं आणि आडनावाचा रकाना रिकामा. अशा माणसाच्या व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' येतं, म्हणजे पहिलं नाव अज्ञात. पुढे लायसन्स, बँक, डॉक्टरची चिठ्ठी, सगळीकडे हे एफएनयू चिकटतं. आमच्या ओळखीच्या एका काकूंना दवाखान्यात "फनू" म्हणून पुकारायचे, त्या बिचाऱ्या उठायच्याच नाहीत. अर्ज टाकण्याआधी पासपोर्ट दुरुस्त करून घेतला की हे टळतं.

तिसरी गोष्ट जन्मदाखल्याची. जुन्या दाखल्यांवर बाळाचं नावच नसतं, 'पुरुष' किंवा 'स्त्री' आणि आई-बापांची नावं एवढंच. बारशाआधी नोंद झाली आणि नाव चढवायला परत कुणी गेलं नाही. जिथे जन्मनोंद आहे त्या पालिकेत किंवा ग्रामपंचायतीत नाव चढवून घ्या. नोंदच सापडत नसेल तर तिथून अनुपलब्धता प्रमाणपत्र घ्यायचं आणि त्याला शाळा सोडल्याचा दाखला व जन्माची माहिती असलेल्या नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं जोडायची. आई-बाबांच्या ग्रीन कार्डासाठी हे नेहमीच लागतं. गावाकडची काकी धडधाकट आहे तोवर तिची सही घेऊन ठेवा, एवढंच म्हणतो.

विवाहाचा पुरावा म्हणजे निबंधकाचं प्रमाणपत्र. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याखाली नमुना 'ड' भरून दिला की नमुना 'ई' मध्ये ते मिळतं. देवस्थानाची पावती किंवा गुरुजींनी दिलेलं पत्र चालत नाही. फक्त मराठीत असलेल्या कागदाला इंग्रजी भाषांतर जोडा आणि खाली भाषांतरकाराने 'मला दोन्ही भाषा येतात, भाषांतर पूर्ण व अचूक आहे' असं सहीनिशी लिहायचं. यूएससीआयएसला यासाठी नोटरी लागत नाही. नाक्यावरचा माणूस लागते म्हणेल, कारण त्याचा धंदाच तो.

मुलाखतीपासून पहिल्या शिक्क्यापर्यंत

आय-१३० मंजूर झाला की फाइल नॅशनल व्हिसा सेंटरकडे जाते. तिथे डीएस-२६० भरायचा, कागद चढवायचे आणि इकडच्या जोडीदाराने आय-८६४ हे आर्थिक हमीपत्र द्यायचं. हमी देणाऱ्याचं उत्पन्न सरकारी दारिद्र्यरेषेच्या किमान १२५ टक्के हवं. कमी पडत असेल तर दुसरा सहहमीदार घेता येतो, तो नातेवाईक असायलाच हवा असं नाही. पण कुणाच्या आय-८६४ वर सही करताना "नुसती फॉर्मॅलिटी आहे हो" यावर विश्वास ठेवू नका. तो कायदेशीर करार आहे आणि घटस्फोटानेही तो सुटत नाही.

पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट पासपोर्ट सेवेतून काढायचं. वैद्यकीय तपासणी वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरांकडेच होते, आपले फॅमिली डॉक्टर कितीही चांगले असले तरी चालत नाहीत. लसींच्या नोंदी शोधून न्या. मुलाखतीला आपल्याकडच्या लोकांना सहसा मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकन वकिलातीत जावं लागतं. प्रश्न साधे असतात: कुठे भेटलात, लग्नाला कोण आलं होतं, तो काय काम करतो. पाठ करून दिलेली उत्तरं लगेच ओळखू येतात. फोटोंचा अल्बम न्या, पण स्टुडिओतल्या पोजपेक्षा घरच्या पंगतीतले फोटो जास्त बोलके.

व्हिसा सहसा तपासणीच्या तारखेपासून सहा महिन्यांपर्यंतच चालतो, तेवढ्यात अमेरिकेत पाऊल टाकायलाच हवं. निघण्याआधी यूएससीआयएसची इमिग्रंट फी ऑनलाइन भरून टाका, नाहीतर कार्ड छापलंच जात नाही. वकिलातीने बंद पाकीट दिलं असेल तर ते फोडू नका. विमानतळावर शिक्का बसला की तो शिक्क्यासह व्हिसाच एक वर्षापर्यंत तात्पुरतं ग्रीन कार्ड म्हणून चालतो. प्लास्टिकचं कार्ड टपालाने येतं. पत्ता बदलला तर १० दिवसांत कळवायचा, हे सगळे विसरतात आणि कार्ड जुन्या भाडेकरूच्या पेटीत जाऊन पडतं.

आणि पुन्हा तारीख. जोडीदाराच्या नात्याने कार्ड मिळालं, आणि त्या दिवशी लग्नाला दोन वर्षं पूर्ण झालेली नसतील, तर कार्ड सशर्त येतं, दोनच वर्षांचं. दोन वर्षं उलटली असतील तर दहा वर्षांचं. बाहेरून येणाऱ्यासाठी मोजायचा दिवस म्हणजे अमेरिकेत प्रवेशाचा दिवस. लग्नाचा दुसरा वाढदिवस आठवड्यावर असेल आणि व्हिसाला मुदत असेल तर तो भारतात साजरा करून या. एवढ्याने पुढचा आय-७५१ नावाचा सबंध अर्ज वाचतो. प्रवेशाच्या वेळी अधिकाऱ्याला लग्नाची तारीख नम्रपणे दाखवा, कारण व्हिसावर जुना, म्हणजे सशर्त कार्डाचा वर्ग छापलेला असतो.

सशर्त कार्ड मिळालंच, तर ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१ भरायचा. एकत्र भाडेकरार, एकत्र बँक खातं, विमा, कर असे पुरावे पहिल्या दिवसापासून जमवत चला. पावती येते तिच्यावर कार्डाची मुदत वाढल्याचं लिहिलेलं असतं. भारतात जाताना कार्ड आणि ती मूळ पावती दोन्ही बरोबर हवीत. लग्न मोडलं असेल किंवा घरात मारहाण होत असेल तर एकट्यानेही आय-७५१ भरता येतो. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण "तू गेलीस तर तुझं कार्ड जाईल" असल्या धमकीवर काही संसार चालू असतात.

अर्ज चालू आहे आणि घरून फोन आला

अमेरिकेत राहूनच ज्यांनी ग्रीन कार्डासाठी आय-४८५ भरलाय त्यांच्यासाठी हा भाग. अर्ज प्रलंबित असताना 'अॅडव्हान्स परोल' (बाहेर जाऊन परत येण्याची आगाऊ परवानगी) हातात नसताना देश सोडला, तर अर्ज सोडून दिला असं धरतात. अॅडव्हान्स परोलसाठी आय-१३१ भरतात. नुसता भरून भागत नाही, मंजूर होऊन हातात यावा लागतो. वैध एच-१बी, एच-४, एल-१ किंवा एल-२ या नोकरदारांच्या व त्यांच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर असाल आणि त्याच दर्जात, त्याच व्हिसावर परतणार असाल तर परोलशिवायही जाता येतं. बाकीच्यांनी आय-४८५ बरोबरच आय-१३१ टाकून ठेवावा, जायचं नसलं तरी. म्हातारी माणसं तारीख सांगून आजारी पडत नाहीत. खरंच तातडी आली तर डॉक्टरांचं पत्र जोडून लवकर निर्णयाची विनंती करता येते.

पूर्वी कधी व्हिसाची मुदत संपल्यावरही राहिला असाल तर परोल असो वा नसो, आधी वकील गाठा. १८० दिवसांहून जास्त बेकायदा राहून बाहेर पडलं तर तीन वर्षं, एक वर्ष किंवा जास्त राहून बाहेर पडलं तर दहा वर्षं दार बंद होऊ शकतं. त्याबाबत शेजाऱ्याचा अनुभव कामाचा नाही.

'सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे'

हा समज कुणी पसरवला देव जाणे, पण पुण्यातल्या निम्म्या सोसायट्यांत तो नियम म्हणून सांगितला जातो. "वर्षातून एकदा जाऊन शिक्का मारून यायचं, कार्ड जिवंत राहतं." नाही राहत.

कायदा असा आहे. ग्रीन कार्ड म्हणजे अमेरिकेत कायम राहण्याचा परवाना. बाहेर जाणं हे तात्पुरतं असायला हवं. सलग १८० दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहिलात तर परतताना तुम्ही नव्याने प्रवेश मागताय असं धरून तपासणी होऊ शकते. सलग एक वर्ष किंवा जास्त राहिलात तर नुसतं कार्ड परतीसाठी चालत नाही. आणि १८० दिवसांच्या आतही, पाच महिने बाहेर, तीन आठवडे आत, पुन्हा पाच महिने बाहेर अशी मालिका दिसली की अधिकारी विचारतोच: काका, तुमचं घर नक्की कुठे आहे?

त्याचं उत्तर कागदांनी द्यायचं असतं. इथला पत्ता, बँक खातं, लायसन्स किंवा राज्याचं ओळखपत्र, आणि सगळ्यात जड पुरावा म्हणजे कराचं विवरणपत्र. कर भरताना 'नॉन-रेसिडेंट' म्हणून फॉर्म टाकला तर तुम्ही रहिवास सोडला असं अनुमान काढायला तुम्हीच कारण देता. कार्डधारकाने जगभरचं उत्पन्न इथे दाखवायचं असतं, त्यात महाराष्ट्र बँकेतल्या ठेवीचं व्याज आलं आणि नाशिकच्या फ्लॅटचं भाडंही आलं. भारतातल्या सगळ्या खात्यांची मिळून शिल्लक वर्षात एकदा जरी १०,००० डॉलरवर गेली तर एफबार हा वेगळा अहवाल द्यावा लागतो. बाबांची निवृत्तीची पुंजी असेल तर हा आकडा सहज ओलांडला जातो.

जास्त दिवस जायचंच असेल, कुणाचं ऑपरेशन आहे, घर विकायचंय, तर 'री-एंट्री परमिट' काढा. फॉर्म तोच आय-१३१, पण अर्ज करताना तुम्ही अमेरिकेत असायला हवं आणि बोटांच्या ठशांसाठीही इथेच हजर राहावं लागतं. म्हणजे तिकीट या तारखांनंतरचं काढायचं. परमिट दोन वर्षांपर्यंतचं मिळतं, ते पासपोर्टासारखी पुस्तिका असते आणि भारतातल्या अमेरिकन वकिलातीतून घेण्याची सोय मागता येते. गेल्या पाच वर्षांत चारपेक्षा जास्त वर्षं बाहेर काढली असतील तर सहसा एकाच वर्षाचं देतात. परमिटाशिवाय वर्ष उलटून गेलं, तर उरतो एसबी-१ हा परतीचा व्हिसा, आणि तो तेव्हाच मिळतो जेव्हा अडकून पडण्याचं कारण तुमच्या हाताबाहेरचं होतं. नातवंडांची मुंज होती, हे कारण त्यात बसत नाही.

विमानतळावर अधिकाऱ्याने आय-४०७ पुढे केला आणि 'इथे सही करा' म्हटलं, तर तो कार्ड स्वेच्छेने सोडल्याचा कागद आहे हे ओळखा. सही करण्याची सक्ती नाही. दर्जा काढून घ्यायचा तर तो इमिग्रेशन न्यायाधीशाने, सुनावणी घेऊन. माझ्या सासऱ्यांना मी हे वाक्य इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहून पासपोर्टच्या कव्हरात घालून दिलं होतं. अठरा तास प्रवास करून आलेला सत्तरीचा माणूस 'सर' म्हणत कशावरही सही करतो.

आणि खरं सांगायचं तर काही आई-बाबांना ग्रीन कार्ड नकोच असतं. त्यांना तीन महिने नातवंडं हवी असतात आणि मग आपली गल्ली, आपला कट्टा. त्यांच्यासाठी दहा वर्षांचा पर्यटक व्हिसाच बरा. मुलाच्या हौसेसाठी त्यांच्या नावे कार्ड काढायचं आणि मग दर पाच महिन्यांनी त्यांना विमानात बसवायचं, याला काय म्हणावं?

ज्यांना पुढे नागरिकत्व हवंय त्यांनी वहीत आणखी एक रकाना आखावा. अर्जाआधीच्या पाच वर्षांत किमान ३० महिने प्रत्यक्ष अमेरिकेत हवेत. नागरिक जोडीदाराबरोबर राहत असाल तर तीन वर्षांत १८ महिने. एकच फेरी सहा महिन्यांहून लांबली तर सलग वास्तव्य तुटलं असं मानतात आणि तसं नाही हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं. वर्षभराची झाली तर ते तुटतंच, री-एंट्री परमिट असलं तरी. परमिट कार्ड वाचवतं, नागरिकत्वाचं घड्याळ वाचवत नाही. आजी-आजोबांसाठी एक दिलासा मात्र आहे. वय ५५ च्या वर आणि कार्डाला १५ वर्षं, किंवा वय ५० च्या वर आणि कार्डाला २० वर्षं झाली असतील तर इंग्रजीची परीक्षा माफ होते आणि नागरिकशास्त्राची उत्तरं दुभाष्यामार्फत मराठीतून देता येतात.

माहेरचं बाळंतपण

ग्रीन कार्ड असलेली मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली आणि बाळ तिथे जन्मलं, तर बाळाचं काय? आईच्या तात्पुरत्या मुक्कामात जन्मलेल्या बाळाला व्हिसा लागत नाही, मात्र दोन अटी आहेत: बाळ दोन वर्षांच्या आत यायला हवं, आणि जन्मानंतर कार्डधारक आई किंवा वडील पहिल्यांदा परततील तेव्हा त्यांच्याबरोबरच यायला हवं. पहिल्यांदा, हा शब्द महत्त्वाचा. बाबा सोळा दिवसांची रजा संपवून आधी परत आले म्हणून आईचा हक्क जात नाही, पण आई एकदा बाळाला आजीकडे ठेवून आली की मामला किचकट होतो. बाळाचा भारतीय पासपोर्ट आणि आईचं नाव असलेला जन्मदाखला बरोबर घ्या, त्यावर बाळाचं नाव चढलेलं असू द्या. बारसं हवं तेव्हा करा, नोंदणीला उशीर नको. आईचा मुक्काम मात्र वर सांगितलेल्या दिवसांतच मोजला जातो.

वाटेत कुठे उतरताय

स्वस्त तिकीट पाहून युरोपातून जोडविमान घेणाऱ्यांनी थांबा. भारतीय पासपोर्टवर ट्रान्झिट व्हिसाचे नियम देशागणिक वेगळे आहेत. वैध ग्रीन कार्ड असेल तर बरेच देश विमानतळावरच्या ट्रान्झिटला सूट देतात. अॅडव्हान्स परोलचा कागद मात्र व्हिसा नव्हे. पासपोर्टातला अमेरिकन व्हिसा संपलाय आणि हातात फक्त परोल आहे, अशा माणसाला मुंबईच्या काउंटरवरच अडवलेलं मी पाहिलंय. त्यांच्यासाठी थेट विमान किंवा आखातातून जाणारं विमान सोयीचं.

फिरायला जायचं तर ग्रीन कार्डाचा थोडा फायदा होतो. भारतीय पासपोर्ट आणि ग्रीन कार्ड असलेल्यांना कॅनडाला व्हिसा लागत नाही, २०२२ पासून तर ईटीए ही ऑनलाइन परवानगीही लागत नाही. मेक्सिकोही चालतं. युरोपच्या शेंगेन देशांना मात्र व्हिसा लागतोच. हनिमून पॅरिसला ठरवलेल्यांची इथे निराशा होते.

भारतात असताना कार्ड हरवलं तर घाबरू नका. पोलिसांत तक्रार द्या आणि आय-१३१ए भरून वकिलातीतून विमानात चढण्यापुरता कागद घ्या.

अमेरिकन सून किंवा जावई भारतात जाताना

आधी एक गैरसमज. "ग्रीन कार्ड आलं, आता ओसीआय काढू का?" नाही. ओसीआय म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसांना आणि भारतीयांच्या परदेशी जोडीदारांना भारतात ये-जा करण्यासाठी मिळणारं कार्ड. ग्रीन कार्डधारक भारताचाच नागरिक असतो, त्याला ओसीआयचा संबंध नाही. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं की त्याच क्षणी भारतीय नागरिकत्व संपतं, मग भारतीय पासपोर्ट जमा करून सरेंडर सर्टिफिकेट घ्यायचं आणि ओसीआय काढायचं. जुन्या पासपोर्टावर 'एकदा शेवटचं' जाऊन येणं हा गुन्हा आहे.

परदेशी जोडीदाराला ओसीआय मिळतं, पण लग्नाची नोंदणी होऊन ते अर्जाआधी सलग दोन वर्षं टिकलेलं असायला हवं. पाकिस्तान किंवा बांगलादेशचं नागरिकत्व स्वतःचं किंवा पूर्वजांचं असेल तर मिळत नाही. तोवर छोट्या भेटीला ई-टुरिस्ट व्हिसा पुरतो. लांब मुक्कामासाठी एंट्री व्हिसा घ्या. १८० दिवसांहून जास्त राहण्याचा व्हिसा असेल तर पोचल्यापासून १४ दिवसांत एफआरआरओकडे, म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाकडे नोंदणी करावी लागते, ती ऑनलाइन होते. टुरिस्ट व्हिसावर येऊन भारतीयाशी लग्न केलं तर तिथेच एंट्री व्हिसात बदल मागता येतो.

लग्नाच्या नात्याने मिळालेलं ओसीआय लग्नाला बांधलेलं असतं, घटस्फोट झाला की रद्द होऊ शकतं. अशा कार्डधारकाने नवा पासपोर्ट आला की दर वेळी त्याची प्रत, फोटो आणि लग्न टिकून असल्याचं निवेदन ऑनलाइन चढवायचं, तीन महिन्यांत. ओसीआयवर मतदान नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. कोकणात आंब्याची बाग घेऊन देतो म्हणणाऱ्या एजंटाला हे तोंडावर सांगा.

हातातल्या पिशवीत

कार्ड, पासपोर्ट, पावत्या, परमिट, कराच्या विवरणपत्राची प्रत आणि ती तारखांची वही हातातल्या पिशवीत, चेक-इन बॅगेत कधीच नाही. मूळ कागद आणि फोनमधले फोटो दोन्ही.

परतताना कस्टमच्या प्रश्नाला खाण्याचं जे असेल ते सांगून टाका. गोडा मसाला, चकली, लाडू यांना सहसा कुणी काही म्हणत नाही. आंबे, ताजी भाजी, बी-बियाणं आणि कढीपत्ता चालत नाही. कढीपत्त्यावर लिंबूवर्गीय झाडांना मारणारा किडा येतो म्हणून त्यावर विशेष नजर असते. सांगितलं तर फार तर पुडी काढून कचऱ्यात टाकतात. लपवलं आणि कुत्र्याने हुंगलं तर दंड, आणि ग्लोबल एंट्री (विमानतळावर झटपट तपासणीची सोय) घेतलेली असेल तर तीही जाते. माझ्या सासूबाईंनी एकदा पुडी स्वेटरच्या बाहीत ठेवली होती. नंतर त्यांनी दारातच कुंडी लावली, न्यू जर्सीच्या थंडीत ती दर वर्षी घरात घ्यावी लागते.